भाडे कोण ठरवणार? पालवा बंदर ते नवी मुंबई विमानतळ : शहरात शिरण्याच्या शेवटच्या टप्प्याचा इतिहास

१/२४
मुंबईस येणारा विमानप्रवासी हजारो किलोमीटरांच्या हवाई प्रवासाचे पैसे आधीच चुकते करून बसलेला असतो. त्याला धास्ती वाटते ती शेवटच्या टप्प्याची. विमानतळाच्या दारापासून शहरातील घरापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर. हातात सामान, डोळ्यांवर झोप, समोर चालकांची गर्दी आणि मनात एकच प्रश्न : किती होतील? आज या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोबाइलच्या पडद्यावर मिळते. गाडी आधीच ठरवलेली असते, रक्कमही ठरलेली असते. परंतु हा प्रश्न विमानाहून जुना आहे आणि मोटारीहूनही जुना आहे. त्याची उत्तरे कशी बदलत गेली आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणी मोजली, हा या धाग्याचा विषय.

२/२४
आरंभी एका शब्दाकडे पाहावे. मराठीत 'भाडे' म्हणजे प्रवासाचा मोबदला. परंतु टॅक्सी-रिक्षा चालकांच्या बोलीत प्रवासी स्वतःच 'भाडे' असतो : 'भाडे मिळाले', 'भाडे सोडून आलो', 'भाडे नाकारले'. माणूस आणि पैसा एकाच शब्दात बसले आहेत, आणि या व्यवहाराची अडचणही तेथेच आहे. उतरणाऱ्याला अंतर ठाऊक नसते, रस्ता ठाऊक नसतो, चालता दर ठाऊक नसतो. चालकाला हे सारे ठाऊक असते. पण परतताना गाडी रिकामी आणावी लागेल की भरलेली, हे त्याला ठाऊक नसते. अशा दोघांमध्ये रक्कम कोणी ठरवायची? घासाघीस, सरकारी दरपत्रक, मीटर, काउंटरची पावती आणि ॲप ही या एकाच प्रश्नाची क्रमाने आलेली उत्तरे आहेत.

३/२४
मुंबईचे पहिले 'विमानतळ' म्हणजे तिची बंदरे. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून हिंदुस्थानात येणाऱ्याचे पहिले पाऊल बहुधा मुंबईत पडू लागले. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी, प्रवासी लहान होडीतून पालवा बंदरावर येत. इंग्रजांनी त्यालाच 'अपोलो बंदर' म्हटले. पुढे अलेक्झांड्रा गोदी आणि बॅलार्ड पिअर झाल्यावर बोट थेट धक्क्याला लागू लागली. धक्क्यावरचे दृश्य मात्र आजच्या विमानतळाबाहेरच्या दृश्याहून फारसे निराळे नव्हते : हमाल, कोचवान, हॉटेलांची माणसे आणि त्यांच्यामध्ये गोंधळलेला नवखा पाहुणा.

४/२४
या गोंधळावर सरकारने शोधलेला उपाय आणि त्यावर उमटलेली पहिली मोठी प्रतिक्रिया पाहण्यासाठी क्षणभर कलकत्त्याला जावे लागते. १८२७मध्ये तेथे पालखी वाहणाऱ्या भोयांसाठी नियम आले. पोलिसांकडे नाव नोंदवावे, क्रमांकाचा बिल्ला बाळगावा आणि सरकारने ठरवलेल्या दरानेच पालखी वाहावी, असे त्यांचे स्वरूप होते. हे भोई प्रामुख्याने ओडिशातून आलेले होते. त्यांनी पालख्या खाली ठेवल्या आणि काम बंद केले. हिंदुस्थानातील सर्वांत जुन्या नोंदलेल्या संपांमध्ये या संपाची गणना होते.

५/२४
या संपाचे कारण नीट लक्षात घेण्याजोगे आहे. पालखीत बसणाऱ्याच्या दृष्टीने ठरावीक दर म्हणजे फसवणुकीपासून संरक्षण. पालखी वाहणाऱ्याच्या दृष्टीने तोच दर म्हणजे आपल्या श्रमाची किंमत दुसऱ्याने, आपल्याला न विचारता ठरवणे. उन्हाळ्यातली दुपार आणि हिवाळ्यातली सकाळ यांतला फरक दरपत्रकाला कळत नाही, खांद्याला कळतो. पुढे दोनशे वर्षांत वाहने बदलली, शहरे बदलली, परंतु या वादाचा आराखडा जवळजवळ असाच राहिला. मुंबईच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

६/२४
मुंबईत अशा नियमांना कायद्याचे रूप आले ते १८६३मध्ये. हे वर्ष सहज आलेले नाही. अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापसाची निर्यात आटली होती, लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर अवलंबून होत्या आणि मुंबईत पैशांचा पूर आला होता. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हा मराठीतील या शहराचा पहिला मोठा ग्रंथही याच वर्षीचा. शहर फुगत होते, नवखे लोक रोज येत होते आणि एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांमधली जुनी घासाघीस अनोळखी गर्दीत चालेनाशी झाली होती. सार्वजनिक वाहनांच्या या कायद्याने परवाना, वाहनाचा क्रमांक आणि ठरवलेले दर अशी चौकट आणली. १९२०मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

७/२४
या चौकटीतला क्रमांक ही वरवर क्षुल्लक गोष्ट वाटते. पण तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? कोचवानाचे नाव प्रवाशाला ठाऊक नसते. गाडीवरचा आकडा तो लक्षात ठेवू शकतो. अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यासाठी शहराने शोधलेली ती युक्ती होती. घोड्याच्या व्हिक्टोरियाचा हा आकडा मुंबईकरांच्या इतका अंगवळणी पडला की १९७२मधील एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे नावच 'व्हिक्टोरिया नंबर २०३' असे ठेवले गेले. आज ॲपवर गाडी ठरवल्यावर पडद्यावर प्रथम दिसतो तोही गाडीचा क्रमांकच.

८/२४
दरपत्रक असूनही नवख्याची धास्ती जात नसे. म्हणून दुसरा मार्ग निघाला : व्यवहारच आधी, परक्या शहरात पाऊल ठेवण्यापूर्वी उरकून टाकायचा. थॉमस कुक कंपनीने १८८१मध्ये मुंबईत कार्यालय उघडले. कुकचे गणवेशातील प्रतिनिधी जगभरच्या बंदरांवर आणि स्थानकांवर प्रवाशांना उतरवून घेत. सामान, गाडी, हॉटेल यांची व्यवस्था आधीच केलेली असे. आज विमानतळाबाहेर प्रवाशाच्या नावाची पाटी धरून चालक उभा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. फरक इतकाच की त्या काळी ही सोय साहेबाला आणि श्रीमंतालाच परवडे. बाकीच्यांच्या वाट्याला धक्क्यावरची घासाघीस होतीच.

९/२४
तिसरे उत्तर यंत्राने दिले. १८९१मध्ये फ्रीड्रिख विल्हेल्म गुस्ताव ब्रून या जर्मन संशोधकाने टॅक्सीमीटर तयार केला. १८९७मध्ये श्टुटगार्टमध्ये असा मीटर बसवलेली डाइमलरची मोटार भाड्याने धावू लागली. 'टॅक्सी' हा शब्द मोटारीवरून नव्हे, या मीटरवरून आला आहे. गाडी कोणतीही असो. भाडे यंत्र मोजते म्हणून ती टॅक्सी. मोजण्याचे काम प्रवाशाकडेही नाही आणि चालकाकडेही नाही, ही यातली खरी नवी कल्पना होती. दर सरकार ठरवील, अंतर यंत्र मोजेल आणि दोघेही तोच आकडा एकाच वेळी पाहतील.

१०/२४
मुंबईत मोटार टॅक्सी आली ती १९११च्या सुमारास. घोडागाडी लगेच हटली नाही. दोन्ही अनेक दशके एकाच रस्त्यावर राहिल्या. या धंद्यातली माणसेही अचानक बदलली नाहीत. गुजरातच्या पालनपूर परिसरातून आलेल्या चिलिया मुसलमान समाजातील अनेक कुटुंबे घोड्याच्या व्यवसायातून टॅक्सीत आली आणि पिढ्यानपिढ्या तेथेच राहिली. तारिणी बेदी यांचा 'मुंबई टॅक्सीमेन' (२०२२) हा मानववंशशास्त्रीय ग्रंथ या समाजावरच आहे. पुढे उत्तर भारतातून आणि इतर प्रांतांतून आलेल्या चालकांची भर पडत गेली. पाहुण्याला शहराची पहिली ओळख करून देणारा माणूस बहुधा स्वतःच कधीतरी त्या शहरात पाहुणा म्हणून आलेला असे.

११/२४
आता विमान. जुहूचा विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे येथे उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात टपाल होते. त्यामुळे धावपट्टीवरून शहरापर्यंत कसे जावे हा प्रश्न अजून टपालखात्याचा होता. पावसाळ्यात जुहूचा चिखल विमानाला पेलत नसे आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला रॉयल एअर फोर्सचा तळ होता. युद्धानंतर नागरी वाहतूक तेथे गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवाशांसह मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

१२/२४
त्या दिवशी सांताक्रूझ मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हते; उपनगरे शहराला जोडली गेली ती १९५०मध्ये. बंदर शहराच्या उंबरठ्यावर होते, विमानतळ मात्र शहराबाहेर. विमानतळावरून कोटात जाणारा जुना रस्ता माहीमची खाडी ओलांडतो. खाडीवरचा हा बांध १८४५-४६च्या सुमारास पुरा झाला. त्यासाठी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, अशी अट घातली असे सांगितले जाते. २००९मध्ये त्याच खाडीच्या तोंडावर वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. तेथे पथकर आहे, आणि टॅक्सीतला प्रवासी तो भाड्याखेरीज वेगळा मोजतो.

१३/२४
विमानप्रवासाच्या पहिल्या दशकांत हे अंतर ही विमान कंपन्यांची जबाबदारी मानली जाई. लंडनमध्ये व्हिक्टोरिया स्थानकाजवळ १९३९मध्ये इम्पीरियल एअरवेजचे शहरातले टर्मिनल उघडले. प्रवाशाने तेथे यावे, सामान द्यावे आणि पुढे कंपनीने त्याला विमानापर्यंत न्यावे, अशी पद्धत होती. मुंबईतही विमान कंपन्यांची शहरातली कार्यालये आणि त्यांच्या बसगाड्या हा प्रवासाचाच भाग होता. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत अशा बसचा ठरलेला थांबा होती. प्रवासी थोडे आणि सधन होते, तोवर हे जमले.

१४/२४
हे गणित मोडले ते विमानाच्या आकाराने. १९७१मध्ये एअर इंडियाचे पहिले बोईंग ७४७ आले आणि एकाच विमानातून शेकडो माणसे उतरू लागली. १९७३नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाढला आणि रत्नागिरी-रायगडसह देशभरचे कामगार तिकडे जाऊ लागले. सप्टेंबर १९७९मध्ये सांताक्रूझच्या टर्मिनलला मोठी आग लागली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय वाहतूक सहार या ईस्ट इंडियन वस्तीच्या जुन्या गावाशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या टर्मिनलमध्ये गेली. परदेशी विमाने प्रामुख्याने मध्यरात्रीनंतर येत. रात्री दोन वाजता, लोकल बंद असताना, दोन वर्षांची कमाई पेट्यांत भरून बाहेर येणारा माणूस हा त्या काळातला प्रातिनिधिक प्रवासी होय.

१५/२४
विमानतळावरचा टॅक्सीचालक जवळचे भाडे का नाकारतो, याची तक्रार पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिचे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा रांगेत शोधावे. विमानतळाच्या स्टँडवर चालक आपला नंबर येईपर्यंत तासन्‌तास उभा असतो. या थांबण्याचे पैसे मीटर मोजत नाही. मग कुलाब्याचे भाडे मिळाले तर दिवस सार्थकी लागतो. अंधेरीचे मिळाले तर तीन तासांची रांग काही मिनिटांच्या प्रवासात संपते आणि पुन्हा शेपटाला उभे राहावे लागते. भाडे नाकारणे कायद्याने गुन्हा आहे आणि अडलेल्या प्रवाशाचा संतापही रास्त आहे. परंतु अंतराचा दर ठरवणाऱ्या व्यवस्थेने वेळेचा हिशेब ठेवला नाही, ही यातली गोम आहे.

१६/२४
मीटरचेही एक दुखणे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटला तो बाहेरच्या बाजूस, डावीकडे पुढे बसवलेला असे. चालक हात बाहेर काढून त्याची पट्टी फिरवी, तीच 'मीटर डाऊन'. भाडे वाढले की हजारो यांत्रिक मीटर बदलणे शक्य नसे. म्हणून मीटर जुनाच आकडा दाखवी आणि खरी रक्कम छापील टॅरिफ कार्डावर पाहावी लागे. जाणता मुंबईकर ते मनातल्या मनात करी. नवख्याला समोरच्या आकड्याच्या अनेकपट रक्कम सांगितली की फसवणूकच वाटे, मग ती रक्कम अचूक का असेना. कधी ती खरोखरच फसवणूक असे. इलेक्ट्रॉनिक मीटर सार्वत्रिक होईपर्यंत, म्हणजे २०१२च्या आसपासपर्यंत, हे चालले.

१७/२४
या दोन्ही दुखण्यांवरचा देशी उपाय म्हणजे प्रीपेड काउंटर. त्याची रचना साधी आणि हुशार आहे. प्रवासी कोठे जायचे ते सांगतो, ठरलेल्या दरपत्रकानुसार पैसे भरतो, पावती घेतो. पावतीवर गाडीचा क्रमांक असतो. घरी पोहोचेपर्यंत ती प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायची आणि उतरल्यावरच चालकाच्या हाती द्यायची. तिच्यावरच चालकाला पैसे मिळतात. म्हणजे पैसे आधी जातात, पण चालकाच्या हाती नंतर पडतात. वाटेत उतरवणे, मधूनच जास्त मागणे यांतले स्वारस्यच संपते. बंदरावरचा दर, क्रमांक आणि कुकची आगाऊ भरणा पद्धत या तिन्ही जुन्या युक्त्या येथे एका कागदावर एकत्र आल्या.

१८/२४
इतर शहरांनी याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. न्यूयॉर्कने १९९६मध्ये जेएफके विमानतळ ते मॅनहॅटन हे भाडे सरसकट ३० डॉलर ठरवले. २०२२च्या अखेरीस ते ७० डॉलर झाले. पॅरिसने मार्च २०१६पासून चार्ल्स द गॉल विमानतळावरून सीन नदीच्या उजव्या काठासाठी ५० आणि डाव्या काठासाठी ५५ युरो असे ठरावीक दर लावले. वाहतूक कितीही तुंबली तरी रक्कम तीच. येथे कोंडीचा धोका प्रवाशाकडून चालकाकडे गेला. मोकळ्या रस्त्याचा फायदाही त्याच्याचकडे गेला.

१९/२४
महाराष्ट्रात दरम्यान गाडी आधी ठरवण्याची एक वेगळीच पद्धत रुजली. सहारला उतरणारे कितीतरी लोक मुंबईचे नसतातच. कोकणात आखातातून परतणाऱ्याला घ्यायला गावाहून जीप किंवा सुमो येई. गाडीवाला ओळखीचा, भाडे घरच्यांनी ठरवलेले, आणि गाडीत नातेवाईकच इतके की सामान टपावर. पुण्यात संगणक उद्योग वाढला तशी घरून थेट सहारला नेणारी आणि तेथून घरी सोडणारी वाटून घेतलेली गाडी रोजची झाली. २००२मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने तिला बळ दिले. दरपत्रक नाही, मीटर नाही. दूरध्वनीवर दिलेला शब्द आणि पुढच्या वेळी याच गाडीवाल्याला बोलवायचे की नाही, हाच दोन्ही बाजूंचा लगाम.

२०/२४
२००७मध्ये मेरूसारख्या कंपन्यांनी वातानुकूलित टॅक्सी दूरध्वनीवरून ठरवण्याची सोय मुंबईत आणली. डिसेंबर २०१०मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी, भाविश अग्रवाल आणि अंकित भाटी यांनी, याच शहरात 'ओला' सुरू केली. बेंगळुरूहून बांदीपूरला जाताना चालकाने मध्येच गाडी थांबवून भाडे वाढवून मागितले, त्या अनुभवातून ही कल्पना सुचली, असे अग्रवाल सांगत आले आहेत. म्हणजे पालवा बंदरावरचीच तक्रार. २०१३मध्ये 'उबर' भारतात आली आणि पुढच्या वर्षी मुंबईत. काही वर्षांतच 'विमानतळावरून गाडी ठरवणे' याचा अर्थ पडद्यावर बोट ठेवणे असा झाला.

२१/२४
प्रवाशाच्या दृष्टीने ही मोठी मुक्तता होती. रात्री एकटीने उतरणाऱ्या स्त्रीला चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि रस्ता घरच्यांना कळवता येऊ लागला. भाडे नाकारण्याचा वाद रस्त्यावरून पडद्यावर गेला. परंतु एक जुनी गोष्ट निसटली. सरकारी दर सर्वांना वाचता येत असे. मीटर दोघांच्या डोळ्यांसमोर असे. ॲपचा आकडा गर्दी, वेळ आणि मागणी पाहून प्रत्येकासाठी निराळा निघतो, आणि प्रवाशाने दिलेल्या रकमेतून चालकाला किती मिळतात हे प्रवाशाला दिसत नाही. केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गर्दीच्या वेळेची आकारणी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केली; २०२५च्या तत्त्वांनी ती दुपटीपर्यंत नेली. दर ठरवण्याऐवजी सरकार दराची कुंपणे ठरवू लागले.

२२/२४
गोव्यात हा झगडा अधिक उघडपणे दिसतो. तेथे टॅक्सी बहुधा चालकाच्या स्वतःच्या मालकीची, मीटरला विरोध जुना आणि पर्यटक भाड्याच्या दरांवर नाराज. २०१८मध्ये 'गोवा माइल्स' हे ॲप पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने आले आणि टॅक्सीचालक वारंवार रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२३मध्ये मोपा येथील विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तेव्हा पेडण्याच्या टॅक्सीचालकांनी तेथे स्वतःच्या काउंटरसाठी आंदोलन केले. पठार आमच्या तालुक्याचे, मग दारात उतरणारे भाडे दुसऱ्याचे का, हा त्यांचा सवाल होता. पर्यटकाच्या सोयीची आणि गावकऱ्याच्या उपजीविकेची मागणी एकाच दारात समोरासमोर उभी राहिली.

२३/२४
मुंबईत तर चक्र पूर्ण फिरले. आरंभी ॲपविरुद्ध काळी-पिवळीचे चालक संप करत होते. ऑक्टोबर २०१८मध्ये ॲपवर गाडी चालवणारेच संपावर गेले, आणि जुलै २०२५मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांची प्रमुख मागणी होती, काळ्या-पिवळ्या टॅक्सीप्रमाणे आम्हालाही सरकारी दर द्या. त्याच सप्टेंबरमध्ये राज्यात अंतिम धोरण ठरेपर्यंत ॲप टॅक्सीसाठी प्रतिकिलोमीटर २२ रुपये ७२ पैसे असा दर जाहीर झाला. १८२७च्या भोयांनी सरकारी दराविरुद्ध पालखी खाली ठेवली होती. २०२५च्या चालकांनी सरकारी दरासाठी गाडी उभी केली. यात विसंगती नाही. आपल्या श्रमाचा भाव ठरताना आपल्याला कोणी विचारावे, हीच दोघांची मागणी होती. भाव ठरवणारा तेवढा बदलला होता.

२४/२४
ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची उतरली. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली आणि विमानतळावरून कोटात जाण्यासाठी, वाटाघाटीचा प्रश्नच नसलेले, छापील तिकिटाचे साधन मिळाले. त्याच दिवसांत नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथून दादर किती, पनवेल किती, अटल सेतूचा पथकर कोणाचा, हे प्रश्न आता नव्याने विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे ॲप देईल, काउंटर देईल किंवा ओळखीचा गाडीवाला देईल. १८६३च्या कायद्यामागचे तत्त्व मात्र अजून ताजे आहे : परक्या शहरात उतरणाऱ्या माणसाला भाडे आधी कळले पाहिजे, आणि ते कोणत्या हिशेबाने ठरले हे त्याला आणि चालकाला, दोघांनाही, वाचता आले पाहिजे. (समाप्त)